हयातीचा दाखला



नोव्हेंबर लागला की कामशेतमध्ये बँकेचे शटर वर जाण्याआधीच पायरीवर रांग बसलेली असते. भाताची कापणी उरकत आलेली, खळ्यांवर झोडणी चाललेली. अशा घाईच्या दिवसांत नाणे मावळातून, पवन मावळातून पहिल्या गाडीने म्हातारी माणसे उतरतात. काखेत कापडी पिशवी, पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि प्लास्टिकच्या कागदात घडी करून जपलेली पेन्शनची ऑर्डर. आपण अजून जिवंत आहोत, एवढे एकच त्यांना सिद्ध करायचे असते. त्या कागदाचे नाव हयातीचा दाखला.

गेल्या नोव्हेंबरात मीही त्या रांगेत होतो. माझ्यापुढे एक आजी. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. काउंटरवरचा पोरगा मायेने म्हणाला, "केसांवरून फिरवा आजी, जरा तेल लागू द्या." पन्नास आवण्या केलेला तो अंगठा, त्यावरच्या रेषा केव्हाच चिखलात विरून गेलेल्या. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला तेव्हा सगळ्या रांगेने हुश्श केले. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, घाटातल्या रुळांवर त्याची उमर गेली. त्याच्यामागे तिला फॅमिली पेन्शन मिळते, आणि त्या पैशांमुळे घरात तिचा शब्द अजून चालतो.

माझ्यामागचे गृहस्थ तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात वीस वर्षे लेथवर उभे राहिलेले. "किती येतात?" मी सहज विचारले. त्यांनी पासबुक उघडून पुढे धरले. एक हजार आठशे सत्तावन्न रुपये. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक, जुन्या नियमांतला. शेवटच्या पगाराच्या निम्मे आणि वर महागाई. त्यांनी मला उलट प्रश्न विचारला नाही. मी माझे पासबुक पिशवीतच राहू दिले.

शेजारच्या काउंटरवर कर्जाचा हप्ता भरायला माझा एक जुना विद्यार्थी आला होता. २००८ साली शिक्षणसेवक म्हणून लागला, आता मुख्याध्यापक होईल. पाया पडला आणि हसत हसत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वयाला आल्यावर या रांगेत उभं राहण्याइतकं तरी माझं काही असेल का हो?" हसण्यावारी नेलेला तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. त्याचे उत्तर रांगेत देण्यासारखे नव्हते. ते आज देतो आहे, त्याला आणि मावळातल्या तुम्हा सर्व तरुण नोकरदारांना.

निवृत्तिवेतन म्हणजे काय? माणूस आयुष्याची उमेदीची तीस-पस्तीस वर्षे देतो, दृष्टी देतो, गुडघे देतो, मुलांच्या वाट्याचा वेळ देतो. त्या श्रमाचे सगळे मोल एक तारखेला त्याच्या हाती पडत नाही. त्यातला एक वाटा मालक आपल्याकडे राखून ठेवतो आणि शब्द देतो की तुझे हात थकतील तेव्हा हा तुला मिळेल. तो राखलेला वाटा म्हणजे निवृत्तिवेतन. ते दान नाही, कृपा नाही, खुशाली विचारायला आलेल्या धन्याने हातावर ठेवलेले बक्षीस नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नकारा खटल्यात हेच सांगितले. पीठाच्या अध्यक्षस्थानी आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, निकालपत्र न्यायमूर्ती देसाईंनी लिहिले. सरकारने ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून निवृत्तांचे दोन भाग केले होते. अलीकडच्यांना वाढीव सूत्र, पलीकडच्यांना जुने. न्यायालयाने ती रेघ पुसली. एकाच सेवेतल्या, एकाच वृद्धत्वातल्या माणसांना कॅलेंडरच्या एका पानाने उच्च-नीच ठरवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आणि तरीही आपल्या राज्यात पुन्हा एक रेघ ओढली गेली. १ नोव्हेंबर २००५. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो सेवेत आला तो जुन्या निवृत्तिवेतनाला मुकला. त्याच्या नशिबी परिभाषित अंशदान योजना आली, जिला तुम्ही डीसीपीएस म्हणता, आणि पुढे एनपीएस. (या दोन रेघांमागचे कायद्याचे बारकावे वेगळे आहेत, ते वकिलांनी काढावेत. मी शिक्षक आहे, मला वर्ग दिसतो.) एकाच शाळेत दोन शिक्षक. एकच हजेरीपट, एकच परिपाठ, पावसाळ्यात गळणारे एकच छप्पर. एक ऑक्टोबरात हजर झालेला, दुसरा नोव्हेंबरात. पहिल्याचे म्हातारपण शासनाच्या शब्दावर उभे, दुसऱ्याचे बाजाराच्या चढउतारावर. काय अपराध होता त्या दुसऱ्याचा? त्याने मुलांना पाढे कमी शिकवले? मतदार याद्या, जनगणना, पोलिओचे डोस, कोरोनातले नाक्यावरचे पहारे, यांतले कोणते काम त्याला माफ झाले होते? ज्यांच्या पदांची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती पण नेमणूक मागाहून झाली, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय द्यायला शासनाला २०२४ उजाडावे लागले. अठरा वर्षे! तेवढ्यात पाळण्यातला पोरगा मतदार होतो.

योजनेच्या पहिल्या वर्षांत काय झाले ते तुमच्यातल्या थोरल्यांना विचारा. पगारातून दहा टक्के कापले जायचे. ते कुठे गेले? कुणाच्या खात्यावर जमा झाले? शासनाचा हिस्सा पडला का? कित्येक शाळांतून वर्षानुवर्षे या प्रश्नांना कागद मिळाला नाही. माझ्या ओळखीच्या एका तरुण शिक्षकाचा अपघात झाला. घरी दोन लहान मुली. त्याच्या बायकोला मी एका कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने फाइल चाळली आणि म्हणाला, "यांना फॅमिली पेन्शन लागू नाही, मॅडम." आवाजात वाईटपणा नव्हता. त्याला नियम सांगायचा होता, त्याने तो सांगितला. तिने विचारले, "मग कपात कशाची होत होती?" याचे उत्तर त्या फाइलीत नव्हते.

शिवकाळापासून आपल्याकडे बालपरवेशी नावाची चाल होती. लढाईत पडलेल्या शिपायाच्या पोरक्या लेकरांना राज्याने पोसायचे. त्या काळी संगणक नव्हते, कोषागार प्रणाली नव्हती, पण मेलेल्याच्या लेकराला वाऱ्यावर सोडायचे नाही एवढी अक्कल होती. आणि आमच्या प्रजासत्ताकात नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्याच्या विधवेला कुटुंबनिवृत्तिवेतन आणि उपदान लागू व्हायला २०२३ चा मार्च यावा लागला.

तो आपोआप आला काय? ते दिवस आठवा. १४ मार्च २०२३. राज्यातले लक्षावधी कर्मचारी आणि शिक्षक एका दिवशी कामावरून उतरले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा पंचायत समितीच्या आवारापासून मंत्रालयाच्या दारापर्यंत घुमली. परिचारिका आली, तलाठी आला, ग्रामसेवक आला, प्रयोगशाळेतला शिपाई आला. सात दिवसांनी संप मागे घेतला गेला तो समितीच्या आश्वासनावर, आणि तेव्हा आपल्यातल्याच शहाण्यांनी नाके मुरडली. पण त्याच्या आधीच्याच डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, सभागृहाला काय सांगितले गेले होते? जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल, ती देता येणार नाही. मग २०२४ च्या मार्चमध्ये शेवटच्या वेतनाच्या निम्मे आणि त्यावर महागाईवाढ, अशी हमी त्याच शासनाला जाहीर करावी लागली. ऑगस्टात केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. पंधरा महिन्यांत 'अशक्य' या शब्दाचा अर्थ कुणी बदलला? अर्थशास्त्राने? १९७७-७८ साली र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली याच राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला होता. तेव्हाच्या पगारांत ५४ दिवस चूल कशी पेटली असेल याचा विचार करा. आज मिळणाऱ्या महागाई भत्त्याच्या प्रत्येक रुपयात त्या चुलींचा धूर आहे.

आता 'बोजा' या शब्दाकडे वळतो, कारण तो मला फार दिवस डाचतो आहे.

खर्च वाढतो आहे हे खोटे नाही. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांतच जातो. माणसे जास्त जगू लागली. माझ्यासारखा अठ्ठावन्नला निवृत्त झालेला पंचाऐंशीपर्यंत पेन्शन घेतो, म्हणजे शिकवले त्याच्या जवळजवळ इतकीच वर्षे. साठच्या-सत्तरच्या दशकांत भरती झालेल्या पिढ्या एकामागून एक निवृत्त झाल्या. रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०२३ साली मांडले की सगळी राज्ये जुन्या पद्धतीवर परतली तर पेन्शनचा भार नव्या पद्धतीच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. हे आकडे नाकारून आपण आपलेच हसे करून घेऊ.

पण भार का झाला ते विचारा. मावळातला शेतकरी भात झोडला की आधी काय करतो? पुढल्या वर्षीच्या बियाण्याचा भात वेगळा काढतो, वेगळ्या कणगीत भरतो, वरून शेणाने लिंपतो. घरात पाहुणे येवोत, लग्न निघो, दुष्काळ पडो, त्या कणगीला हात लागत नाही. शासनाने माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या पेन्शनसाठी अशी कणगी भरली नाही. शब्द दिला आणि धान्य खाऊन टाकले. मी निवृत्त झाल्यावर माझी पेन्शन त्या वर्षीच्या करांतून काढली. पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षीच्या. ज्याने बियाणे खाल्ले तोच आज बांधावर उभा राहून पेरणीच्या खर्चाबद्दल ओरडतो, आणि ऐकणारा आपली मान खाली घालतो! ही मान कशासाठी खाली गेली?

कणगीची ही रीत आपल्याला कुणी परदेशी तज्ज्ञाने शिकवायची नाही. कामशेतहून कार्ल्याची लेणी किती लांब? तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी त्याने करजिक हे गाव दिले. याच उषवदाताने नाशिकच्या लेण्यात जे कोरून ठेवले आहे ते प्रत्येक अर्थमंत्र्याने एकदा उभे राहून वाचावे. त्याने तीन हजार कार्षापण कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, हजारावर पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, मोडायचे नाही. नुसते व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज झाले दोनशे चाळीस, आणि त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब बरोबर जुळतो, करून पाहा. याला म्हणत अक्षयनीवी. व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला आणि मग दगडात कोरला, म्हणजे पुढे येणाऱ्याने नाकबूल होऊ नये. एकोणीसशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या या अंगणात मुद्दल, व्याजदर, लाभार्थी आणि जाहीर नोंद, चारही गोष्टी होत्या. आज तुमच्या कपातीचे साधे विवरण मागायला मोर्चा काढावा लागतो.

आणि निवृत्तिवेतन द्यायचे झाले तर ते कुणाला द्यायचे, यातही या भूमीचा अनुभव कडू आहे. राज्य घालवून बसलेल्या दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी १८१८ साली सालीना आठ लाखांची पेन्शन देऊन ब्रह्मावर्ताला पाठवले. ज्या मावळ्यांच्या पणजोबांनी गड राखले त्यांच्या वाट्याला काय आले? आजही एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिन्याला पन्नास हजार रुपये निवृत्तिवेतन आहे, पाच वर्षांहून अधिक काळ सदस्य राहिला तर वाढीव प्रत्येक वर्षामागे आणखी दोन हजार. त्याबद्दल 'बोजा' हा शब्द कुणी सभागृहात उच्चारलेला तुमच्या कानांवर आला आहे काय?

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता थोडे कडू बोलतो, ते गोड मानून घ्या.

त्या रांगेतल्या लेथवाल्या गृहस्थांकडे पुन्हा चला. त्यांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची, ईपीएस-९५. सूत्र असे: पेन्शनसाठी धरलेले वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. त्यांचे वेतन साडेसहा हजार धरले, वर्षे वीस, आले १,८५७. मरेपर्यंत तेवढेच, कारण या पेन्शनला महागाई चिकटत नाही; तेलाचा डबा महागला तरी नाही, औषधे दुप्पट झाली तरी नाही. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ साली एक हजार रुपये झाली. तिला निदान तीन हजार करा, अशी शिफारस राज्यसभेच्या ज्या समितीने २०१३ साली केली तिचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले. शिफारस मात्र राजभवनात पोचली नाही. बुलढाण्यात या पेन्शनरांनी २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषण सुरू केले. मागणी साडेसात हजार आणि महागाई भत्ता. आता गंमत पाहा: आजची पंधरा हजारांची वेतनमर्यादा आणि पस्तीस वर्षांची सेवा धरली तर सूत्रातून येतात साडेसातच हजार. म्हाताऱ्यांनी जे किमान म्हणून मागितले आहे, ते त्या मर्यादेतले कमाल आहे. एसटीचा चालक याच योजनेत येतो. तीस वर्षे खंडाळ्याचा घाट चढायचा, उतरायचा, हजारो जीव सुखरूप पोचवायचे आणि शेवटी मुलाकडे बीपीच्या गोळ्यांचे पैसे मागायचे.

त्याच्याही खाली पाहा. अंगणवाडी सेविका, तिला उपदानाचा हक्क आहे एवढे ठरायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. आशाताई. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, जिच्या हातचे तुमच्या वर्गातली सगळी मुले जेवतात. बाजारपेठेतला हमाल. कंत्राटी सफाई कामगार. पहाटे जुन्या हायवेवर धापा टाकत धावणारी आमची मावळातली पोरे, जी २०२२ नंतर सैन्यात गेली तर चार वर्षांनी चौघांतले तिघे पेन्शनशिवाय घरी येणार. आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला निराधार म्हणून दरमहा दीड हजार, त्यात केंद्राचा नियमित वाटा ऐंशीखालच्या वृद्धामागे अजून दोनशे रुपये.

आपल्या मोर्च्यात ही माणसे कुठे होती? आपण त्यांना बोलावले होते काय? आपण घोषणा दिल्या त्या रस्त्याच्या कडेला हीच माणसे उभी होती, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होते ते मी पाहिले आहे. पाठिंबा नव्हता. 'यांना एवढा पगार आणि वर हेही' असे काहीतरी होते. सत्तेला नेमके तेच हवे असते. ती शेतकऱ्याला सांगते, तुझी कर्जमाफी मास्तरांच्या पेन्शनने खाल्ली. कामगाराला सांगते, तुझा कर बाबूंच्या घशात जातो. आपण एकटे लढलो की तिचे अर्धे काम आपणच करून देतो. डॉ. बाबा आढाव यांनी हमालाच्या पाठीवरचे ओझे मोजले, आणि २०१२ साली अरुणा रॉय यांच्याबरोबर पेन्शन परिषद उभी केली: प्रत्येक वृद्ध श्रमिकाला, मग त्याचा मालक कुणीही असो किंवा नसो, किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन. त्या मागणीखाली किती शिक्षक संघटनांच्या सह्या आहेत, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो, कारण मीही तेव्हा एका संघटनेचा पदाधिकारी होतो.

मग मागायचे काय? माझे संघटनेतले मित्र रागावतील, पण मी सांगतो: जुनी पेन्शन जशी होती तशी, एवढेच मागून थांबू नका. हिमाचल प्रदेशाने २०२३ साली ती परत आणली. २०२४ च्या सप्टेंबरात तिथे पगार पाच तारखेला झाला आणि पेन्शन दहा तारखेला. ज्या शब्दामागे कणगी नाही तो शब्द तंगीच्या पहिल्या वर्षी डळमळतो. हमी मागा, निम्म्या पगाराची आणि महागाईची. आणि हमीच्या मागे वेगळा, कायद्याने बांधलेला, दरवर्षी विधिमंडळापुढे हिशेब ठेवणारा निधीही मागा. केंद्राच्या नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे दहा आणि सरकारचे साडेअठरा टक्के दरमहा बाजूला पडायचे आहेत. चांगले आहे, ते खरोखर पडतात का, हे पाहायला तुमच्या प्रतिनिधीला त्या टेबलावर खुर्ची मागा.

बाकीच्यांसाठी पैसा कुठून, असे विचारणाऱ्याला तुमची पगाराची स्लिप दाखवा. त्यात एक ओळ आहे: व्यवसाय कर, दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. हा कर १९७५ साली आला तो दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमीसाठी. पगारदाराने दरमहा थोडे द्यायचे आणि त्यातून भूमिहीनाला काम मिळायचे. पन्नास वर्षे आपण तो भरतो आहोत आणि कुणी मेले नाही. १९६९ चा माथाडी कायदाही याच महाराष्ट्राचा, अण्णासाहेब पाटलांच्या झुंजीतून आलेला: ज्याला ठरावीक मालक नाही त्या हमालाची मंडळाकडे नोंद, आणि जो कुणी त्याच्याकडून ओझे उचलून घेईल त्याने मजुरीवर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, दवाखाना. देशाला या दोन्ही वाटा आपण दाखवल्या. अंगणवाडीताईसाठी, कंत्राटी कामगारासाठी, पवनेच्या काठच्या रिसॉर्टमध्ये खोल्या झाडणाऱ्या पोरीसाठी तिसरी वाट काढायला आपली बुद्धी आटली आहे काय?

कर्तव्य घरापासून सुरू होते. तुमच्यापैकी किती जणांनी या वर्षात आपल्या एनपीएसच्या प्राण खात्याचे विवरण उघडून पाहिले? किती जणांचा वारसदार अजून लग्नाआधी लिहिलेला आहे? कुठल्या महिन्याचा शासनाचा हिस्सा पडला नाही, हे किती जण बोट ठेवून सांगतील? आपल्याच घामाचा हिशेब ज्याला ठाऊक नाही त्याला कुणीही 'बोजा' म्हणू शकतो. शाळेत, दवाखान्यात, खडकाळे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, डेपोत, जिथे चार जण एकत्र डबा खातात तिथे एक वही घाला. प्रत्येकाची कपात, प्रत्येकाचा जमा हिस्सा, प्रत्येकाचा वारस. महिनाभरात ती वही भरली की तालुक्याच्या कार्यालयात घेऊन जा, पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि वहीचे शेवटचे पान शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईसाठी राखा. तिच्या नावापुढे आज शून्य लिहावे लागेल. ते शून्य लिहिताना तुमचा हात थबकला पाहिजे.

मावळाला उठायला कुणी शिकवावे लागत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी इथून हाकेच्या अंतरावर, बऊरजवळ, पवनेच्या पाण्यासाठी द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या आणि तिघांचे जीव गेले. त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्यांत पेन्शनवाले किती होते आणि बिनपेन्शनवाले किती, हे कुणी मोजले नव्हते. पाणी सगळ्यांचे होते म्हणून सगळे आले होते. म्हातारपण कुणाचे एकट्याचे आहे?

नकारा निकालाची आठवण म्हणून १७ डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. आमच्याकडे त्या दिवशी निवृत्तांच्या सभा होतात, शाल-श्रीफळ होते, मधुमेहावर एखादे व्याख्यान होते, बिनसाखरेचा चहा होतो. यंदा तसे नको. त्या सकाळी दहा वाजता कामशेत स्टेशनाच्या बाहेर या. पगाराची स्लिप आणा, प्राण खात्याचा कागद आणा, आणि येताना एकटे येऊ नका. ज्याच्या म्हातारपणाची कुठेच नोंद नाही असे एक माणूस प्रत्येकाने बरोबर आणा, आपल्या आळीतले, आपल्या डेपोतले, आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरातले. लेथवाल्या गृहस्थांना मी निरोप धाडला आहे, ते येतो म्हणाले. माझे पासबुक त्या दिवशी पिशवीत नसेल, हातात असेल, उघडे. त्यांच्या शेजारी धरून उभा राहीन. दोन्ही आकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत, आणि मग लोकल पकडावी.